भंगार आपलं, धूर वस्तीचा

मैत्रिणींनो, हा लेख दुसऱ्या कुणावर बोट दाखवून सुरू करता आला असता. नगरपालिका आहे, कंपन्या आहेत, सरकार तर आहेच. पण सुरुवात आपल्याच खोलीपासून करावी लागते आहे.

दिवाळीच्या आधी आम्ही शिरपूरच्या संघटनेच्या खोलीची साफसफाई काढली. माळ्यावर जुना संगणक होता, तो डब्यासारखा मोठा पडदा असलेला. एक छपाईयंत्र, दोन बंद पडलेले टेलिफोन, एक टेप, बॅटरीचे संपलेले सेल, काळ्या पडलेल्या ट्यूब आणि सीएफएलचे दिवे. जागा अडली होती. गल्लीतून भंगारवाला गेला, त्याला हाक मारली. त्याने वजनकाटा लावला आणि सगळ्याचे मिळून दोनशे चाळीस रुपये हातावर ठेवले. ट्यूब आणि दिवे त्याने घेतले नाहीत, "त्याला भाव नाही" म्हणाला. ते आम्ही कचऱ्याच्या घंटागाडीत टाकले. पैशाचा चहा झाला, भजी झाली, उरलेले टपालखर्चात जमा केले. खोली कशी मोकळी झाली म्हणून सगळ्या खूष.

महिन्याभराने अरुणावतीच्या काठच्या एका वस्तीत बचत गटाच्या बैठकीला गेले. बैठकीआधी एका बाईच्या झोपडीमागे उभी होते, तर तिथे आमचाच संगणक! पाठीमागचे झाकण पडले होते, आणि त्यावर आम्ही चिकटवलेली पट्टी तशीच होती, आमच्याच अक्षरातली. शेजारी फुटलेल्या काचेचा ढीग, चुलीच्या दगडांसारखे तीन दगड, मधे काळी राख. पोरे त्याच राखेत गोट्या खेळत होती. वाऱ्यावर प्लास्टिक जळाल्याचा वास, तो घशाला धरतो तसा.

ती बाई आपल्या संघटनेचीच. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याने हात मोडला म्हणून आली होती. तिचा तक्रार अर्ज आम्ही त्याच संगणकावर टाईप केला होता. मी विचारले, हे तू जाळतेस? धूर छातीत जात नाही का? ती हसली. म्हणाली, "धूर माले बी दिखस, ताई. पन जाळा नही त तांबं कसं निघी?"

या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. ते शोधायला मला बरेच महिने लागले, आणि तेच आज मांडते आहे.

हा विषय पुढच्या बैठकीत काढला तेव्हा आपल्यातल्याच दोघी-तिघींनी नाके मुरडली. "बायका जाळल्या जातात त्याचं आधी बघू, मग वायरी जाळल्या जातात त्याचं बघू," असे एकजण म्हणाली. दुसरी म्हणाली, हे पर्यावरणवाल्यांचे, पुण्या-मुंबईच्या बंगलेवाल्यांचे प्रश्न. चळवळीत वर्षानुवर्षे काम केलेल्या बायका आहेत या, त्यांचे म्हणणे उडवून लावता येत नाही. पण मी विचारते, वायर जाळणारी बाई नसते का? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशये काढली जातात हे २०१९ मध्ये चव्हाट्यावर आले, तेव्हा आपण सगळ्यांनी म्हटले की कामाची पद्धत आणि बाईचे शरीर वेगळे करून बघता येत नाही. मग भंगार फोडणारीच्या शरीराला हे लागू का नाही? ती पंचनाम्यात येत नाही म्हणून? तिला मुकादम नाही, हजेरीपट नाही, मालक कोण ते तिलाच ठाऊक नाही. शोषण इतके पसरून टाकलेले आहे की कुणाच्या नावाने घोषणा द्यायची हेच कळत नाही. म्हणून तर तो आपला प्रश्न आहे.

आता थोडे त्या डब्यात काय असते ते बघू. जुन्या टीव्हीची किंवा संगणकाची जी जाड काचेची चित्रनळी असते तिच्या काचेत शिसे मिसळलेले असते, मोठ्या नळीत किलो-दोन किलोपर्यंतसुद्धा. भंगार फोडणारे नळीची मान मोडतात, कारण मानेभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तांबे निघाले की काचेला भाव नाही. ती नाल्याच्या काठाला जाते. जोडकामाच्या डाखात शिसे, जुन्या सेलमध्ये कॅडमियम, ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा. वायरीवरचे प्लास्टिक उघड्यावर जाळले की डायॉक्सिनसारखी विषे सुटतात, ती शरीरातल्या चरबीत साठतात आणि आईच्या दुधातून बाळाकडे जातात. सर्किटच्या पाट्यांमध्ये आग लागू नये म्हणून घातलेली ब्रोमिनची रसायने असतात, त्या पाट्या जाळल्या की तीही हवेत. शिशाचे तर विशेष आहे. ते बाईच्या हाडांत वर्षानुवर्षे दडून बसते, आणि गरोदरपणात, बाळाला पाजताना हाडांतला चुना सुटायला लागला की त्याबरोबर रक्तात उतरते. म्हणजे पोरवयात भंगार फोडलेल्या मुलीने पुढे ते काम सोडले, लग्न करून दुसऱ्या गावी गेली, तरी तिच्या पोटातल्या बाळाला तो वाटा मिळतो. हुंडा घेऊन गेली नसेल बिचारी, हे मात्र घेऊन जाते.

चीनमधल्या ग्वीयू नावाच्या गावात जगभरचे जुने संगणक येऊन फोडले जात. तिथल्या लहान मुलांचे रक्त तपासलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. १६५ मुलांच्या रक्तात शिशाचे सरासरी प्रमाण डेसिलिटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर निघाले. जागतिक आरोग्य संघटना आज सांगते की ५ मायक्रोग्रॅमलाच शिसे कुठून येते त्याचा शोध घ्या, आणि सुरक्षित म्हणावे असे प्रमाण मुळी नाहीच. याच संघटनेने जून २०२१ मध्ये मुलांवर आणि या कचऱ्यावर एक अहवाल काढला. त्यात म्हटले आहे की जगभरात असंघटित कचरा-व्यवसायात काम करणाऱ्या सुमारे १ कोटी २९ लाख बायकांना या विषांचा धोका आहे, आणि १ कोटी ८० लाखांहून अधिक मुले असंघटित औद्योगिक क्षेत्रात राबतात, कचऱ्याचे धंदे हा त्याचाच एक भाग, आणि या मुलांत पाच वर्षांचीही आहेत. मुलांना का लावतात? त्यांची बोटे बारीक असतात म्हणून. शिवकाशीच्या काडेपेट्या आठवल्या ना?

आपल्या शिरपूर तालुक्याला विषाची ओळख नाही असे नाही. ३१ ऑगस्ट २०१९ ला वाघाडीच्या रसायन कारखान्यात स्फोट झाला. माणसे मेली, त्यात बायका होत्या, लेकरे होती. तेव्हा मंत्री आले, मदत जाहीर झाली, चौकशी लागली. विषाचा आवाज झाला की सगळे धावतात. शिशाला आवाज नसतो.

"मग डेपोवर टाका ना!" हे दुसरे उत्तर. नगरपालिकेच्या दारात मला हेच मिळाले, कोणत्या गावच्या ते लिहीत नाही, सगळीकडची दारे सारखीच. साहेब म्हणाले, ताई, गावाबाहेर जागा आहे, खड्डा आहे, लोटून देऊ. लोटून देऊ! जणू खड्ड्यात टाकले की ती वस्तू जगातून नाहीशी होते.

शिरपूरच्या माणसाने तरी असे बोलू नये. पाण्यासाठी आपला तालुका देशभर गाजला. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी २००४ पासून इथे नाले खोल केले, रुंद केले, सिमेंटचे बंधारे घातले. पावसाचे पाणी वाहून तापीला न जाता थेट जमिनीच्या पोटात उतरावे, यासाठीच तर तो 'शिरपूर पॅटर्न'. कोरड्या विहिरींना पाणी आले. बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला, याचे मोल मी कमी करणार नाही. पण मग साधा हिशेब करा. ज्या नाल्याचे तळ आपण पाणी मुरावे म्हणून उकरून ठेवले आहेत, त्याच नाल्याच्या काठाला फुटलेल्या चित्रनळ्या, पाऱ्याचे दिवे आणि जळक्या वायरींची राख टाकली तर पावसाळ्यात काय मुरणार? इतर ठिकाणी घाण वरून वाहून जायची तरी, आपण तिला आत जायला वाट करून दिली आहे. आणि ते पाणी पहिल्यांदा कुणाच्या कळशीत येणार, हे मी तुम्हाला सांगायला हवे का?

कचरा डेपो म्हणजे काही थडगे नव्हे की आत टाकले ते शांत पडून राहील. मुंबईचे देवनार जानेवारी २०१६ मध्ये पेटले तेव्हा कितीतरी दिवस धुमसत होते, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. डेपोत ओला कचरा कुजतो, त्याचे आंबट पाणी होते, आणि ते आंबट पाणी धातू विरघळवून खाली नेते. आमसुलाचे सार तांब्याच्या भांड्यात ठेवू नये हे आपल्या आजीला ठाऊक होते. खड्डा खणणाऱ्या इंजिनिअरलाही ठाऊक असायला हरकत नाही.

शिवाय डेपोवर टाकणे हा शुद्ध उधळेपणासुद्धा आहे. मोबाइलच्या आणि संगणकाच्या पाट्यांमध्ये सोने असते, चांदी असते, पॅलेडियम असते. एक टन मोबाइलमध्ये जेवढे सोने निघते तेवढे चांगल्या खाणीतल्या एक टन दगडातून निघत नाही, त्याच्या कितीतरी पट कमी निघते. आपल्या शिरपूरजवळ तर सोने शुद्ध करण्याचा कारखानाच उभारला गेला होता. त्या गावात आपण सोने नाल्यात फेकतो! मंगळसूत्राच्या दोन वाट्यांसाठी सासू-सुनांची महाभारते होतात, आणि पाटीवरचे सोने घंटागाडीत. यावर माझ्या एका मैत्रिणीने विचारले, मग आपणच काढू या की घरी! नको गं बाई. दिल्लीच्या सीलमपूरला, उत्तर प्रदेशात मुरादाबादला घराघरांत तेच चालत आले आहे. पाट्या जाळायच्या, ॲसिडमध्ये बुडवायच्या, उरलेले पाणी गटारात. त्यात सोने व्यापाऱ्याला मिळते आणि खोकला बाईला.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे, कारण शहरातल्या सभांमध्ये ती नेहमी चुकीची मांडली जाते. 'आपल्याकडे रिसायकलिंग होत नाही' असे म्हणतात. होते. भरपूर होते. तांब्याचा एक तुकडा आपल्याकडे वाया जात नाही, लोखंडाचा खिळा वाया जात नाही. फक्त ज्याला भाव आहे तेवढेच पुढे जाते आणि ज्यात विष आहे ते मागे राहते. मागे म्हणजे कुठे? वस्तीत. नफा वर चढत जातो, फेरीवाल्याकडून दुकानदाराकडे, तिथून मोठ्या व्यापाऱ्याकडे, तिथून भट्टीकडे. आणि शिसे, पारा, राख खाली उतरत बाईच्या ओसरीत थांबते. याला मी अर्धवट रिसायकलिंग म्हणते. आपली मागणी उरलेल्या अर्ध्याची आहे. बिनभावाची काच, बिनभावाचा दिवा, बिनभावाचा सेल हेही कुणीतरी पैसे मोजून न्यायला हवेत.

ते 'कुणीतरी' कोण हे कायद्यात लिहिलेले आहे, आणि ते आपल्या कार्यकर्तींनी पाठ करून ठेवावे. आपल्या देशात ई-कचऱ्याचे नियम २०११ मध्ये झाले, १ मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ मध्ये बदलले, २०२२ मध्ये पुन्हा बदलले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मूळ तत्त्व एकच आहे: ज्याने वस्तू बनवून विकली त्याने ती संपल्यावर तिची जबाबदारी घ्यायची. २०२२ च्या नियमांत १०६ प्रकारच्या वस्तू आल्या. कंपन्यांना ठरावीक प्रमाणात ई-कचऱ्याचे रिसायकलिंग झाल्याचे दाखवावे लागते, पहिली दोन वर्षे ६० टक्के, पुढची दोन ७० आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. कंपनी स्वतः काही गोळा करायला येत नाही. नोंदणी झालेल्या रिसायकलिंग कारखान्याकडून प्रमाणपत्र विकत घेते. सरकारने त्या प्रमाणपत्राला किमान भाव बांधून दिला, घरगुती उपकरणांना किलोला २२ रुपये. तर २०२५ मध्ये काही बड्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. भाव फार होतो म्हणे! पन्नास हजारांचा टीव्ही विकताना भाव फार होत नाही, तो मेल्यावर किलोला २२ रुपये फार होतात.

आता या सगळ्या व्यवस्थेत आपली वस्तीतली बाई कुठे आहे ते शोधा. मला सापडली नाही. प्रमाणपत्र कारखान्याच्या दारापासून सुरू होते. महाराष्ट्रातले नोंदणीकृत कारखाने बहुसंख्येने मुंबई, ठाणे, रायगड, पुणे या पट्ट्यात, शिरपूरपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. माल दारोदार कुणी गोळा केला, डोक्यावर कुणी आणला, वेगळा कुणी केला, याचा रकाना त्या कागदावर नाही. बाईच्या श्रमाचे नेहमीचेच झाले हे. घरातला स्वयंपाक राष्ट्रीय उत्पन्नात नाही, शेतातली निंदणी सातबाऱ्यावर नाही, तसे हे.

पण त्याच नियमांत एक कलम आहे, ते सहसा कुणी वाचत नाही. राज्य सरकारच्या कामगार खात्याने ई-कचरा सुटा करणाऱ्या आणि रिसायकल करणाऱ्या कामगारांची ओळख करून त्यांची नोंदणी करायची आहे, त्यांचे गट बांधायला मदत करायची आहे, त्यांना प्रशिक्षण द्यायचे आहे, आणि त्यांच्या आरोग्यावर दरवर्षी देखरेख ठेवायची आहे. उद्योग खात्याने या कामासाठी औद्योगिक वसाहतीत जागा किंवा शेड राखून ठेवायची आहे. हे दान नाही. नियमात आहे. आमच्या बैठकीत एकीला नोंदणीची पावती आहे का असे मी विचारले, तर तिने बचत गटाचे पुस्तक दाखवले.

नोंदणी झाली की काय होऊ शकते ते पुण्याने दाखवले आहे. १९९० च्या सुमारास एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्तींनी कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर काम सुरू केले. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, डॉ. बाबा आढाव तिच्या पाठीशी होते. बहुसंख्य सभासद दलित बायका. आधी चोर म्हणून पोलिसांच्या काठ्या खाणाऱ्या या बायकांना ओळखपत्रे मिळाली, आणि त्यांच्यापैकी अनेकजणी उकिरड्यावरून उठून घरोघरच्या दारात आल्या. पुढे त्यांनी 'स्वच्छ' ही स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था काढली, २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार केला. आणि मला सगळ्यात आवडते ती २०१३ ची गोष्ट. उघडी टाकलेली वापरलेली सॅनिटरी नॅपकिन्स हाताने वेगळी करून कंटाळलेल्या या बायकांनी ती चक्क बांधून बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवली! तुम्ही बनवलंत, तुम्ही कमावलंत, आता निस्तरा. कायद्याच्या जाड पुस्तकातले 'उत्पादकाची जबाबदारी' हे तत्त्व त्यांनी एका पार्सलात समजावून दिले. आपण फुटक्या चित्रनळीचे पार्सल का पाठवू नये, असे आमच्या बैठकीत एकीने विचारले. टपाल खाते घेणार नाही, हीच अडचण निघाली.

पुण्याचे उदाहरण दिले की दुसरा धोका सांगायला हवा. 'शास्त्रशुद्ध व्यवस्थापन' हा शब्द आला की ठेकेदार येतो. बाईला हातमोजे देण्याऐवजी तिला कामावरूनच काढतात, म्हणतात हे धोक्याचे काम, बायकांचे नाही. गिरण्यांत रात्रपाळीचे असेच झाले होते. बाईचे रक्षण करायचे म्हणून तिची भाकरी काढून घ्यायची, ही जुनी पुरुषी दयाबुद्धी आहे. आपली भूमिका वेगळी हवी. गोळा करणे, निवडणे, स्क्रू काढून सुटे भाग करणे ही कामे बायकांच्या गटांकडे, किलोमागे ठरलेल्या दराने. जाळणे बंद, ॲसिड बंद, चित्रनळी फोडणे बंद. त्या वस्तू अखंड बांधून कारखान्याकडे जायच्या आणि गाडीभाडे कंपन्यांनी द्यायचे. ज्या माणसाला तिची भाकरी न काढता तिच्या अंगणातला विस्तव विझवायचा आहे त्याला दुसरा मार्ग नाही.

आणि जाळल्याशिवाय तांबे निघते, मैत्रिणींनो. वायर सोलायचे यंत्र असते. हाताने फिरवायचे, शिवणयंत्राएवढेसुद्धा नाही. वायर एका बाजूने घालायची, पाते साल चिरते, तांबे कोरे करकरीत बाहेर येते. जळक्या तांब्यापेक्षा त्याला भावही जास्त मिळतो, कारण ते काळे पडलेले नसते. इतके साधे उत्तर होते, आणि मी ते माहीत नसताना तिला धुराबद्दल उपदेश करत होते! फार बारीक वायरी त्यातून सोलता येत नाहीत, हेही खरे. त्या तशाच बांधून पुढे द्यायच्या.

सगळ्यात आधी मात्र वस्तू मोडीत निघूच नये हे बघायला हवे, आणि इथे मला चंगळवादाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. खाउजाच्या धोरणानंतर घराघरांत उपकरणे आली. प्रत्येक जाहिरातीत बाई होती. मिक्सरने ती मुक्त झाली, वॉशिंग मशीनने मुक्त झाली, आता मोबाइलने मुक्त होते आहे. मिक्सरवर माझा राग नाही. पाट्यावर वाटण वाटून माझ्या आईचे खांदे गेले, त्या पाट्याचे गोडवे पुरुषांनी गावेत. राग आहे तो दर दोन वर्षांनी नवीन घ्यायला लावणाऱ्या हिशेबावर. बॅटरी उघडता येत नाही अशी ती बनवतात, सुटा भाग मिळत नाही, मिळाला तर नव्या वस्तूएवढी किंमत. आपल्या खान्देशात विहिरीची मोटार जळाली तर कोणी फेकून देते का? खांद्यावर टाकून दुकानात नेतात, वाइंडिंग करून आणतात, पुन्हा विहिरीत सोडतात. एकेक मोटार चार-चार वेळा बांधलेली असते. गावोगावी ही कला आहे. मग फोन तेवढा का फेकायचा? दुरुस्ती हा आपला हक्क आहे, आणि दुरुस्तीचे हे कसब मुलींनाही शिकवले पाहिजे. आयटीआयच्या त्या वर्गात मुली किती असतात ते एकदा जाऊन बघा.

जगाचा आकडा एकदाच सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा २०२४ चा अहवाल म्हणतो, २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. चीन आणि अमेरिकेपाठोपाठ सर्वाधिक कचरा करणारा देश आपला. उरलेला कुठे गेला? त्यातले वीस-पंचवीस किलो कुठे गेले ते मला माहीत आहे, माझ्याच संघटनेच्या माळ्यावरून गेले.

जे दिवे आणि ट्यूब आम्ही घंटागाडीत टाकले ते आता परत येणार नाहीत. त्यानंतर साठलेले मात्र खोक्यात कागद घालून ठेवले आहेत, न फोडता. नगरपालिकेला पत्र दिले आहे: ई-कचऱ्यासाठी बंदिस्त खोली, महिन्यातून एक दिवस घरोघर संकलन, आणि ते काम वस्तीतल्या बायकांच्या गटाला. कामगार खात्याला नोंदणीसाठी वेगळे पत्र, सोबत ज्यांनी सही-अंगठा दिला त्यांची यादी. तुमच्या गावात असे पत्र दिले तर त्याची प्रत आमच्याकडे पाठवा, एकाच दिवशी सगळ्यांनी पोहोच मागायला जाऊ. कचेऱ्यांतून संगणक बदलतात तेव्हा जुने लिलावात जातात, ते कुणाला विकले हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या उपकरणातला किरणोत्सर्गी कोबाल्ट बाहेर आला आणि तिथला एक कामगार मेला. विकणाऱ्यांना आत काय आहे हे माहीत नव्हते. आम्हालाही नव्हते.

वायर सोलायच्या यंत्रासाठी बचत गटाने पैसे जमवले आहेत, दोनशे चाळीस रुपये आम्ही परत घातले. यंत्र ठेवायचे कुठे यावर बैठकीत बरीच वादावादी झाली. त्या बाईच्या घरी ठेवावे असे बहुतेकींचे म्हणणे होते, काम तिचे म्हणून. पण तीच नको म्हणाली. नवरा ते भंगारात विकून दारू पिईल, अशी तिला खात्री आहे. तेव्हा यंत्र संघटनेच्या खोलीत, जिथे संगणक होता त्या जागी राहील, आणि खोलीची एक किल्ली तिच्याकडे.